डब्यावरची छत्री

मे महिना लागला की माझे पाय घरात राहत नाहीत. बाहेर असं ऊन पडलेलं असतं की कुत्रंसुद्धा भिंतीकडेची सावली सोडत नाही, आणि मी मात्र या खोलीतून त्या खोलीत. कूलरसमोर बसते, उठते. तहान नसताना पाणी पिते. पडदा सरकवून रस्त्याकडे बघते, जणू कुणी मला बोलवायला यायचं आहे. घरचे म्हणतात, पहाटे फिरायला जात जा, चार बाया जातात तशी. पण पहाटेच्या फिरण्याने माझं भागत नाही. मला दुपार लागते.

गेल्या उन्हाळ्यात हिंगोलीकडच्या पुसेगावला एका लग्नाला गेले होते. मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे लग्न लागणार दोनला. मांडवात बँजोचा दणका, पंख्यांतून येणारी गरम हवा, अत्तर आणि घाम यांचा एकमेकांत मिसळलेला वास. बसवेना. हात धुण्याचं निमित्त करून उठले आणि मांडवाच्या मागून चालायला लागले. शेवटचं घर मागे पडलं. नांगरून टाकलेली दोन वावरं ओलांडली. मग माळ सुरू झाला आणि नाकात तो वास शिरला. वाळल्या गवताचा, तापल्या दगडाचा, गळून पडलेल्या सागाच्या पानांचा. निखाऱ्यावर पापड धरावा तसा करपट, खमंग. पंचवीसेक वर्षं मी तो वास घेतला नव्हता.

माझी आई या भागातल्या एका उपकेंद्रात नर्स होती. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा व्हायचा होता, आईची सगळी कागदं परभणीला जायची. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे सिमेंटचा ओटा, भिंतीवर तथागताची तसबीर आणि तिच्या शेजारी लसीकरणाचा तक्ता. वडील दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस आई आणि मी. आईच्या हाताला कायम स्पिरिटचा वास असायचा; भाकरी थापतानासुद्धा.

उपकेंद्राखाली पाच-सहा वस्त्या होत्या. त्यातला एक तांडा माळापलीकडे, दीड-दोन तासांच्या वाटेवर. सडक नव्हती. बैलगाडीची चाकोरी अर्ध्यापर्यंत जायची आणि मग दगडांत विरून जायची. महिन्यातून एक दिवस त्या तांड्यावर लेकरांना लस टोचायचा. तो दिवस मे महिन्यात आला तरी चुकायचा नाही. लस ज्यात न्यायची तो निळा डबा तालुक्याकडून एसटीने फाट्यावर यायचा. आत चारी बाजूंना बर्फाचे आईसपॅक आणि मधे इवल्या इवल्या काचेच्या बाटल्या. आई तो डबा खांद्याला लावायची आणि चालायला लागायची.

पायात तिच्या पुरुषांचे कॅनव्हासचे बूट असायचे. पांढरं नऊवार नव्हे, पांढरी गोल साडी, आणि खाली ते बूट. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण चपलेचा अंगठा तापल्या मुरमात हमखास तुटायचा, हे आईला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. निघण्याआधी ती आंबील प्यायची, मलाही प्यायला लावायची. एक कांदा कमरेला खोचायची. मग टॉवेल पाण्यात बुडवून, पिळून, माझ्या डोक्याला बांधायची. इतका घट्ट की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. फिरकीचा तांब्या माझ्या हातात. आणि छत्रीही माझ्याच हातात.

छत्री आमच्या डोक्यावर नसायची, डब्यावर असायची.

त्या वर्षी मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते. निकालाला महिना होता. काय होणार, पुढे कुठे जाणार, काहीच ठरत नव्हतं. माझ्या मामेबहिणी कुरुंद्याला होत्या. त्यांच्या घरात उन्हाळाभर हळदीचा वास भरून राहिलेला असायचा, अंथरुणालासुद्धा. दुपारी आंब्याखाली पत्त्यांचा डाव, मीठ-मिरची लावलेल्या कैऱ्या. मला तिकडे जायचं होतं. आई म्हणाली, "तांड्याचा दिवस करून जा. मला एकटीला डबा अन् छत्री दोन्ही जमायचं न्हाई." मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

आणि त्या दिवशी नेमका डबा उशिरा आला. आम्ही आठपासून फाट्यावरच्या लिंबाखाली उभ्या. होल्याचं घुमणं कान किटेपर्यंत ऐकलं. एसटी आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. डबा आणणारा शिपाई उतरला, घाम पुसत म्हणाला, "टायर बसलं व्हतं बाई. आता या उन्हाचं कुठं जाता? उद्या जावा."

"लस उद्यापर्यंत थांबत न्हाई," आई म्हणाली. "अन् बाया सकाळपासून लेकरं घेऊन बसल्या असतील."

आम्ही निघालो. पहिला अर्धा तास बरा गेला. एक बहावा फुलला होता, सगळ्या माळावर तेवढाच एक रंग. त्यानंतर नुसतं पांढरं. वर बघवत नव्हतं, खालीही बघवत नव्हतं. माझा टॉवेल केव्हाच वाळून पापडासारखा कडक झाला. वावटळ उठायची, पानांचा एक खांब घेऊन आडवी पळायची आणि मधेच बसायची. लांब उतारावर पाणी चमकायचं. तिथे पाणी नाही हे मला ठाऊक होतं, तरी दर वेळी पाय त्याच्याकडे उचलले जायचे. कानात माझाच श्वास. हातात छत्री, आणि छत्रीखाली तो डबा. चालताना आतले आईसपॅक एकमेकांवर आपटायचे, टक टक. तो आवाज मला ओला वाटायचा.

अर्ध्या वाटेवर मोहाचं एक झाड होतं. तिथे टेकलो. मी म्हटलं, "आई, एक आईसपॅक दे. नुसतं कपाळाला लावते."

"न्हाई."

"दोनच मिनिटं."

"डबा मधी उघडत नसतेत. उघडला की लस गेली."

तिने तांब्यातलं पाणी मला दिलं. मी घटाघट प्यायले. तांब्या हलका झाला. ती स्वतः प्यायली का, हे मी बघितलंही नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्यापासून वीतभर अंतरावर बर्फ आहे आणि तो माझा नाही. मी छत्री खाली टाकली.

"मला न्हाई यायचं म्होरं."

"काहून?"

"तुला डब्याची काळजी हाय. माझी न्हाई."

 आईने स्वतः छत्री उचलली, झटकली, डब्यावर धरली. मग म्हणाली, "ऊठ. बसल्या माणसाला ऊन जास्त लागतं. चालत्याला वारा तरी लागतो."

ती चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही. मी थोडा वेळ बसले. मग तिचा पांढरा पदर उतारावरच्या त्या खोट्या पाण्यात शिरताना दिसला आणि मला एकदम भीती वाटली. मी उठून पळत तिला गाठलं. रागानेच छत्री हातात घेतली.

तांड्यावर पोचलो तर देवळापुढच्या लिंबाखाली कुणी नव्हतं. एरवी तिथे बाया बसलेल्या असायच्या, घागऱ्यांचे आरसे लकलकायचे, लेकरं रडायची. त्या दिवशी नुसतं एक बाजलं आणि त्याखाली धापा टाकणारी कोंबडी. गलका आला तो टोकाच्या घरातून. एक म्हातारी धावत आली. नंतर कळलं, ती सासू होती, गुणाबाई. "सिस्टरबाई, चला, चला, माझी सून पडली!"

तांड्याच्या विहिरीचं काम चालू होतं. खाली गडी खणत होते आणि वर बाया दोराने मुरमाच्या पाट्या ओढत होत्या. सून सकाळपासून दोरावर होती. नाव कमळी. ओढता ओढता बडबडायला लागली आणि पडली. लोकांनी उचलून घरात आणलं, ऊन उतरावं म्हणून अंगावर वाकळ टाकली, हातात कांदा दिला. घरात वीस माणसं. एक जण भगताला बोलवायला निघाला होता.

आईने वाकळ ओढून बाजूला फेकली. कमळीच्या कपाळाला हात लावला, मग काखेत घातला. माझ्याकडे वळून म्हणाली, "घाम न्हाई. सुकी हाय." मी वाकून बघितलं. माझ्याच वयाची. फार तर वर्षाने मोठी. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण, डाव्या भुवईतून गेलेला जुना व्रण. डोळे अर्धे उघडे, पण त्यात कुणी नव्हतं. मी तिच्या दंडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्याला लागावा तसा हात.

"गडी सगळे भाईर," आई म्हणाली. "दार मोकळं करा. पाणी आणा, जेवढं असंल तेवढं. घागरा सैल करा तिचा."

गुणाबाई कमळीच्या दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांवर हात ठेवून म्हणाली, "चुडा काढायचा न्हाई, बाई. तिचा मालक जिता हाय."

"चुडा राहू द्या. बाकीचं उतरवा." आणि मग माझ्याकडे न बघता, "डबा आण."

मी डबा आणला. मला वाटलं तिला आतून काही औषध हवं असेल. तिने कड्या काढल्या आणि झाकण उघडलं. थंड वाफेचा एक पातळ पदर वर आला आणि त्या तापलेल्या अंधारात विरला. तिने चारही आईसपॅक काढले. दोन काखांत, एक मानेखाली, एक जांघेत. लसीच्या बाटल्या रिकाम्या डब्यात एका बाजूला कलंडल्या. तिने झाकण लावलं, पण तशाच सैल हाताने, जसं आता आत काही नाही.

मी बघत राहिले. माझ्या कपाळासाठी दोन मिनिटं जो उघडला नाही, तो डबा.

पण उभं राहायला वेळ नव्हता. आईने एक लुगडं पाण्यात भिजवून कमळीवर टाकलं आणि सूप माझ्या हातात दिलं. "वारा घाल. थांबू नको." मी वारा घालायला लागले. लुगडं सुकलं की गुणाबाई पुन्हा पाणी टाकायची. खालची शेणाची जमीन भिजून तिचा वास उठला. हात भरून आले, मग दुखले, मग त्यांचं दुखणंही कळेनासं झालं. कोपऱ्यात झोळीत कमळीचं लेकरू, सहा महिन्यांचं, रडून रडून आवाज बसलेलं. त्यालाच आज लस द्यायची होती. आई दर थोड्या वेळाने मनगट धरायची, ओठ हलवत ठोके मोजायची. तिच्या नाकावरून घाम कमळीच्या पोटावर टपटप पडायचा. मी कमळीच्या तोंडाकडे बघत होते. तेवढं एकटक मी आजवर कुणाच्याच तोंडाकडे बघितलेलं नाही. ते गोंदण, तो व्रण, फुटलेला खालचा ओठ. तू मर नको, असं मी मनात म्हणत होते, आणि त्याच वेळी तिचा रागही येत होता. दोन्ही खरं आहे.

सूर्य कलायला लागला तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब दिसला. आईने तो बोटाने टिपून बघितला. मग एकदम जमिनीवर बसली.

थोड्या वेळाने कमळीचे ओठ हलले. आम्ही सगळ्या वाकलो. तिला वाटत होतं ती अजून विहिरीवरच आहे. डोळे मिटूनच तिने विचारलं, "दोर कुनी धरला?"

"धरला बाई, धरला," गुणाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

कमळीचा नवरा जीप आणायला पुसेगावला पळाला होता. जीप आडरानातून हिसके खात आली तेव्हा चार वाजले असतील. आई कमळीबरोबर हिंगोलीच्या दवाखान्यात गेली. जाताना मला म्हणाली, "ऊन कलल्यावर निघ. वाट ठावं हाय ना? डबा घेऊन जा."

मी एकटी परत निघाले. डबा आता खूप हलका होता. तरी मी छत्री त्याच्यावरच धरली. माळावर कुणी नव्हतं, मला हसायलाही कुणी नव्हतं, आणि छत्री आपल्या डोक्यावर घ्यावी हे मला सुचलंच नाही.

कमळी वाचली. चार दिवसांनी घरी आली, असा निरोप आला. दुसराही एक कागद आला. लस वाया का घालवली, याचा लेखी खुलासा मागवला होता. डबा आणणारा शिपाई ओट्यावर बसून आईला समजावत होता, "बाई, लेकरांला लस दिली म्हणून लिवायचं व्हतं. त्या माळावर कोन बघायला येतंय? भल्याचं सांगून राहिलो."

"अन् त्या लेकरांला गोवर निघाला म्हंजी?" आईने विचारलं. शिपाई चहा पिऊन गेला.

खुलासा मी लिहिला, माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. रुग्ण स्त्रीचे शरीर थंड करण्याकरिता बर्फ वापरला, त्यामुळे लस निरुपयोगी झाली, सदर लस कोणासही दिली नाही. शेवटी मी माझ्या मनाने एक ओळ घातली: झाल्या चुकीबद्दल माफी असावी. आईने वाचलं आणि ती ओळ खोडली. मी म्हटलं, आता कागद खराब दिसेल. तर म्हणाली, "मग दुसऱ्या कागदावर लिही." मी सगळं पुन्हा लिहिलं. त्या खुलाशाचं पुढे काय झालं, मला कधी नीट कळलं नाही. दोन वर्षांनी तिची बदली झाली. तशीही व्हायचीच होती.

आठ दिवसांनी पुन्हा नवा डबा आला. कुरुंद्याहून मामा मला न्यायला येऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, उद्या निघू. आईने मला चल म्हटलेलं नव्हतं. मी आपणच टॉवेल भिजवला.

त्या दिवशी ऊन आदल्या वेळेपेक्षा कडक होतं. मोहाखाली टेकलो तेव्हा मी विचारलं. आठ दिवस ते माझ्या मनात होतं.

"आई, माझ्यासाठी उघडला असता का डबा?"

ती बुटातला खडा काढत होती. तशीच, मान खाली घालून म्हणाली, "तुला तहान लागलती, पोरी. तिला ऊन लागलतं."

बूट घालून उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. "तुला लागलं असतं तर झाकण काढायला बी दम धरला नसता म्या. डबाच फोडला असता."

तांड्यावर त्या दिवशी देवळापुढे सगळ्या बाया आधीच येऊन बसल्या होत्या. कमळी नव्हती, तिला माहेरी धाडलं होतं, औंढ्याकडे. लेकरूही तिच्याबरोबर गेलेलं. त्याची लस तिकडच्या नर्सने द्यावी म्हणून आईने चिठ्ठी लिहून गुणाबाईजवळ दिली. मग निकाल लागला, मी नांदेडला शिकायला गेले, आणि माझ्या उन्हाळ्यांतून माळ निघून गेला. हॉस्टेलच्या पंख्याखाली दुपारभर पडून राहायचं. तेव्हापासून हे पाय असे.

लग्नाच्या दिवशी मी त्या माळावर किती चालले, सांगता येत नाही. तांड्याला आता डांबरी सडक आहे. मोटारसायकली जाताना दिसल्या. मोहाचं झाड सापडलं नाही. बहुतेक नाहीच. फोन वाजला. घरचे विचारत होते, "अगं, कुठंयस? पंगती बसल्या." आलेच म्हटलं आणि पुढेच चालत राहिले. उतारावर पाणी चमकत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि कमळी पुन्हा दिसली ती दुपार आठवत होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी शिक्षिका झाले होते आणि माझी नेमणूक जवळा बाजार या गावाजवळच्या एका शाळेवर होती. आई निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली होती. बाजाराचा दिवस, उन्हाळ्याची सुट्टी लागायला आलेली. पालांच्या रांगेच्या शेवटी, सावली नसलेल्या जागी, एक बाई टेंभरांची पाटी घेऊन बसली होती. पिकलेली, पिवळी टेंभरं. मी भाव विचारायला वाकले आणि समोर ते तीन ठिपके. डाव्या भुवईतला तो व्रण. आता ती भरली होती, केसांत एखादी पांढरी बट. जवळ तिची दहा-बारा वर्षांची पोरगी बसून टेंभरं सोलून खात होती.

मी हलले नाही. तिने वर बघितलं. तिने मला कधी बघितलंच नव्हतं. ज्या दोन-तीन तासांत मला तिचं तोंड पाठ झालं, त्या दोन-तीन तासांत ती तिथे नव्हतीच.

"काहून बघून राहिली बाई अशी?" ती हसून म्हणाली. "वळख हाय का?"

जिभेवर सगळं आलं होतं. आणि मी म्हटलं, "न्हाई."

का म्हटलं, मला अजून सांगता येत नाही. तिने पाटीतली टेंभरं माझ्या पिशवीत टाकली, वर आणखी ओंजळभर घातली. मी वळले तर मागून तिने हाक मारली, "ओ बाई! पदर घ्या डोक्यावर. ऊन लई वंगाळ हाय."

घरी आले. आई ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, कमळी भेटली. तिचा हात थांबला. मला वाटलं ती विचारेल, काय म्हणाली, तुला ओळखलं का, लेकरू केवढं झालं. तिने यातलं काहीच विचारलं नाही.

"बाजाराला गाडीत आलती का चालत?"

"चालत आली असंल. पाय धुळीनं भरलेले व्हते."

"मग बरी हाय," आई म्हणाली आणि पुढची चिंच उचलली.